वडिलोपार्जित जमिनीचे वाटप आणि वारसांचे दावे

सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांमधील यावल तालुका केळीच्या बागायतीसाठी प्रसिद्ध आहे. केळीस लावणीपासून घड उतरेपर्यंत सुमारे वर्षभर पाणी व खत अखंड द्यावे लागते. असा मळा वारसांच्या दाव्यात सापडला की मोटार कोणी दुरुस्त करावी व खताचा खर्च कोणी सोसावा हे ठरत नाही. आणि पीक तर न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही.

सात-बारावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असा समज खेडोपाडी दृढ आहे. वस्तुतः ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, एवढेच. उताऱ्यावर केवळ थोरल्या भावाचे नाव असल्याने बहिणीचा हिस्सा बुडत नाही.

हिस्से कसे पडतात हे सांगलीच्या एका दाव्यावरून समजते. तेथील एक गृहस्थ १९६० मध्ये निवर्तले. मागे पत्नी, दोन पुत्र व तीन कन्या होत्या. पत्नीने १९६२ मध्ये लावलेल्या दाव्याचा सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला तो १९७८ मध्ये! मृत्यूपूर्वी वाटप झाले असे कल्पून पती, पत्नी व दोन पुत्र यांना प्रत्येकी चौथाई धरली गेली. मग पतीची चौथाई सहाही वारसांत विभागली. मालमत्ता चोवीस एकर मानली, तर या हिशेबाने पत्नीस सात, प्रत्येक पुत्रास सात, पण प्रत्येक कन्येस अवघा एक एकर येतो.

हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती होऊन कन्येस जन्मतःच पुत्राइतका हक्क मिळाला. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आज असेच कुटुंब असल्यास सहाही वारसांस प्रत्येकी चार एकर येतील. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप या दुरुस्तीमुळे पुन्हा उघडता येत नाही.

सर्वांची संमती असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करून वाटप होते. हक्काविषयीच वाद निघाल्यास मात्र दिवाणी न्यायालयात जावे लागते. तेथे प्रथम प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात फक्त हिस्से ठरतात, बांध पडत नाहीत. अनेक पक्षकार येथेच दावा संपला असे समजून घरी बसतात. सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष विभागणी यानंतर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाची असते. वाटपाने तुकडा पडत असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार एखाद्या वारसास जमिनीऐवजी मोबदला घ्यावा लागतो. दावा चालू असता कोणी हिस्सा विकत घेतला, तर खरेदीदारही निकालाने बांधला जातो.

लोकअदालतीत तडजोड झाल्यास मुद्रांकरूपाने भरलेले न्यायालयशुल्क परत मिळते व त्या निवाड्यावर अपील चालत नाही. तडजोड लिहिताना गावकऱ्यांचे लक्ष बहुधा क्षेत्रफळावरच असते. परंतु सामाईक विहीर, वीजजोडणी, पाटाची पाळी व मळ्यात जाण्याची वाट यांचा उल्लेख राहिला, तर पुढील दावा त्यांतूनच उद्भवतो. ग्रामसेवकांनी कागद होण्यापूर्वी या चार बाबी वारसांकडून शेतावरच निश्चित करवून घ्याव्यात.