जुन्या फौजी गाड्या, लेखांक ६ : हिरवा रंग सोडून सगळं

तुडीलहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. आजोबांनी घेतलेली जीप गोठ्यालगतच्या पडवीत कित्येक पावसाळे उभी आहे. मुंबईचा एक भंगारवाला टेम्पो घेऊन यायला तयार आहे, तर घरातला धाकटा म्हणतो ही मिलिटरीची विलीज आहे, विकायची नाही. त्यांचे प्रश्न दोन : ही खरंच फौजेतली आहे का, आणि असेल तर पुन्हा तशी करता येईल का? पहिल्याचं उत्तर गाडीच देते. दुसऱ्यात कायदा आडवा येतो.

महाड-पोलादपूर पट्ट्यात फौजेचं नातं नवं नाही. महाड तालुक्यातल्या आंबवड्याच्या नावाला ‘फौजी’ कायमचं चिकटलं आहे. शेजारच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण इथल्या घरांत फौज आली ती पदकांच्या, पेन्शनच्या नि ट्रंकेच्या रूपाने. गाडी आली वेगळ्या वाटेने. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. विलीजच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डच्याचं जीपीडब्ल्यू. लढाई थांबल्यावर सरकारने जादा झालेला माल ‘डिस्पोजल’मध्ये विकायला काढला, आणि टायर-तंबूंपासून जीप-मोटरसायकलींपर्यंत सगळं लिलावात निघालं. जिथे डांबर नाही तिथे चालणारी गाडी म्हणून जीपला गिऱ्हाईक मिळणारच होतं.

दुसरी वाट महिंद्रांची. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत आणून मुंबईत जोडल्या. भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि कंपनीच्या नावातला दुसरा ‘एम’ही महिंद्रांचाच झाला. पुढे कित्येक वर्षं बीडीओ, पोलीस, वनखातं आणि निवडणुकीचा उमेदवार, सगळ्यांखाली महिंद्राची जीप होती. म्हणून सांगतो, कोकणात ज्या जीपला लोक ‘विलीज’ म्हणतात ती बहुतेक वेळा महिंद्राची निघते. ती वाईट नाही, पण युद्धातली नाही.

ओळखायची कशी? डावीकडचं स्टिअरिंग पाहून हुरळू नका. महिंद्राच्याही असंख्य जीपा डाव्या स्टिअरिंगच्याच होत्या, मागच्या पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवलेल्या. बॉनेट पाहा. ते उंच, बोकांडी बसल्यासारखं दिसलं तर ती सीजे थ्री बी, म्हणजे १९५३ नंतरची रचना. युद्धातल्या जीपचं नाक बुटकं. पुढच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतील तर युद्धातली, सात असतील तर नागरी. अगदी सुरुवातीच्या एमबीला जाळीऐवजी वेल्डिंग केलेल्या पट्ट्या होत्या. तशी सापडली तर भंगारवाल्याला अंगणातही येऊ देऊ नका. फौजी जीपचे दिवे छोटे आणि जाळीच्या मागे दबलेले असतात, आणि ते बिजागरीवर उलटे फिरतात, म्हणजे रात्री त्याच उजेडात इंजिन उघडून बघता यावं. मागे उघडणारा फाळका नाही. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, आणि तेल भरायला आधी सीट उचलायची.

पण जाळी नि दिवे बदलता येतात, आणि आपल्याकडच्या मिस्त्रींनी ते सढळ हाताने बदलले आहेत. चेसी सहसा कोणी बदलत नाही. रेडिएटरच्या खाली वाकून पुढचा आडवा दांडा बघा : गोल नळी असेल तर विलीज, चौकोनी असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ उमटवला होता. युद्ध चालू असताना एवढी हौस! विलीजचा चेसी नंबर डाव्या पुढच्या शिंगाच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या चेसीच्या वरच्या अंगावर, इंजिनच्या बैठकीजवळ, ठोकलेला.

मोटरसायकलींचं थोडक्यात. डिस्पोजलमधून आलेली बीएसए एम २० किंवा नॉर्टन १६ एच कोणाच्या माळ्यावर असेल तर पुढचा चिमटा बघा. तिथे टेलिस्कोपिक नळ्या नसून गर्डर नि एक उघडी स्प्रिंग असते. नळ्या दिसल्या तर मॅचलेस जी थ्री एल असू शकते, कारण युद्धातल्या ब्रिटिश गाड्यांत तशा नळ्या असलेली ठळक गाडी तीच. आपल्या फौजेची बुलेट ही पन्नाशीतली गोष्ट आहे आणि तिला वेगळा लेख लागेल.

आता गंज, खाडीपट्ट्यातला. सावित्रीच्या खाडीवरून येणारा वारा, चार महिने पाऊस, आणि गोठ्याची वाफ. लोखंडाचा याहून मोठा वैरी कुठला? जीपच्या तळाच्या पत्र्याला खालून टोपीच्या आकाराच्या पन्हाळ्या आहेत आणि त्यांत कारखान्यातच लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या असत. ते लाकूड पाणी पितं आणि मे महिन्यातही आतून ओलंच राहतं. वरून तळ धडधाकट दिसतो, बोटाने दाबला की खाली जातो. म्हणून सगळ्यात आधी छोटी हातोडी घेऊन चेसी आणि तळ वाजवून पाहा. टणटणीत वाजलं तर पत्रा आहे, भदभद वाजलं तर लांबी आहे. लांबीच्या थराखाली पेंटर काय काय पुरून ठेवतात याचे किस्से मी आधीच्या लेखात सांगितलेच आहेत. दरवर्षी खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत कुरूप असली तरी तिने कोकणातल्या पुष्कळ चेस्या वाचवल्या.

इंजिन जाम असेल तर सेल्फ मारायचा मोह आवरा. प्लग काढून चारही भोकांत डिझेल-ऑइलचं मिश्रण ओता, काही दिवस थांबा, मग हँडलने हाताने फिरवून बघा. २२०० सीसीचं हे साइड व्हॉल्व्ह इंजिन साधं आहे, त्यात रुसणारं इलेक्ट्रॉनिक काही नाही. जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरात किती नव्या गाड्या चिखलात बसल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. असलं इंजिन वेळीच उघडून धुतलं तर पुन्हा चालतं. फक्त वायरिंग सहा व्होल्टचं आहे, त्यावर बारा व्होल्टची बॅटरी लावून दिवे उडवू नका. आणि पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे जुन्या रबरी नळ्या टिकत नाहीत, त्या आधी बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कोकणात टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

खरा पेच यानंतर सुरू होतो. समजा गाडी १९४४ ची निघाली. फौजेत ती दोन-तीन वर्षं होती, उरलेलं सगळं आयुष्य कोकणात. तिच्यावर कोणीतरी आंब्याच्या पेट्यांसाठी कॅरिअर वेल्ड केलं असेल, ताडपत्रीऐवजी पत्र्याचं छत घातलं असेल. हे सगळं कापून १९४४ ला परत जायचं? माझं मन तयार होत नाही. त्या कॅरिअरचा इतिहास फौजी पट्टीइतकाच खरा आहे, आणि तो तुमच्या घरचा आहे. निदान कापण्याआधी फोटो काढा, मापं घ्या, तुकडे माळ्यावर ठेवा.

कायदा मात्र माझ्यासारखा हळवा नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, पण ती मूळ रूपात हवी : चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे पेट्रोल महाग पडतं म्हणून आजोबांनी डिझेल इंजिन बसवलं असेल तर आधी मूळ इंजिन शोधा. कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून सुरुवात करा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. अशी गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला नि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. तुडीलहून महाडला बाजार करायला नेता येणार नाही, हे धाकट्याला आधीच सांगून ठेवा.

इतकं सगळं मूळ केल्यावर रंगाचा डबा उघडता, आणि तिथे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ उभा असतो : संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावायचा नाही. एका नियमाला गाडी मूळ रूपात हवी, दुसऱ्याला तिचा मूळ रंग नको! हौशी लोक यावर चिडतात. मला दुसरा नियम पटतो, फौजेच्या रंगात कोणीही कुठेही घुसावं हे बरं नव्हे. अमेरिकी छटा वेगळी, जरा तपकिरीकडे झुकणारी, असा वाद इन्स्पेक्टरपुढे घालता येईल, पण जिंकाल असं वाटत नाही. काही जण वाळूचा रंग देतात. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या आठव्या सेनेच्या जीपा तशा असत आणि त्या सेनेत चौथी भारतीय डिव्हिजनही होती. पण ती लढाई मे १९४३ मध्ये संपली. तुमची गाडी १९४४ ची असेल तर वाळूचा रंग म्हणजे सोंग. त्यापेक्षा आजोबांनी दिलेला रंग खरवडून शोधा. दरवाजा नाही, तेव्हा डॅशबोर्डच्या मागे किंवा सीटखाली त्याचा कपटा मिळेल. राखाडी असो की निळा, नियमात बसतो आणि खोटाही नाही.

रंगाआधी एकदा अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून या. १९९४ पासून ते उघडं आहे. तिथे रणगाडे आहेत, रोल्स-रॉईसची चिलखती गाडीही आहे. फौजी गाडीवरची अक्षरं, कड्या, हूक कसे बसवलेले असतात हे फोटोपेक्षा तिथे नीट कळतं.

तुडीलच्या वाचकांनी तूर्त दोनच कामं करावीत. ट्रंकेतून जुनं आरसी बुक शोधावं. १९८१ च्या आधीचं असेल तर त्यावर जिल्हा रायगड नव्हे, कुलाबा असेल, म्हणून ते दुसऱ्या कोणाचं समजून टाकू नका. आणि चेसी नंबरवरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसून, कागद ठेवून, पेन्सिलीने त्याचा छाप घ्यावा, आरटीओत घेतात तसा. ग्राइंडर लावू नये, नंबर जाईल. छाप पाठवा. पुढच्या आठवड्यात त्यावरून गाडीचं साल कसं काढायचं ते बघू, आणि गिअरबॉक्स उघडू.