भूकंप, दरड आणि अडलेली नदी

घाटकोपर-विक्रोळीकडच्या टेकड्यांवर चढत गेलेली घरे आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात पावसाने भिजलेली दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे गाडली गेली. सावध व्हायला कुणाला वेळच मिळाला नाही. परंतु दरडीमुळे ओढवणारे एक संकट असे आहे, की ते माणसाला थोडी उसंत देते. त्याचा येथे विचार करू.

डोंगराळ मुलखात मोठा भूकंप झाला, की खिळखिळे झालेले कडे अरुंद खोऱ्यात कोसळतात. तेथील नदी अडते आणि मागे तलाव साचू लागतो. धरणच झाले म्हणायचे! पण कसले धरण? ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात आपल्या कोयना धरणाला तडे गेले, तरी ते उभे राहिले. कारण ते पाया खणून, हिशेब करून बांधलेले होते. दरडीच्या बांधाला पाया नसतो आणि सांडवाही नसतो. पाणी माथ्यावरून वाहू लागले, की माती वाहून जाते, खाच खोल होत जाते आणि काही तासांत तलाव खाली धावतो. चीनमध्ये १७८६ साली भूकंपाने दादू नदी अशीच अडली. दहा दिवसांनी बांध फुटला आणि जुन्या नोंदींनुसार सुमारे एक लाख माणसे बुडाली.

मग धोका ओळखायचा कसा? बांधाची उंची व रुंदी किती, त्यात मोठे खडक आहेत की भुसभुशीत माती, तलावात रोज किती पाणी येते, हे मोजायचे. त्यावरून पाणी माथ्याला केव्हा लागेल याचा अंदाज बांधता येतो. अभ्यासलेल्या अशा फुटलेल्या बांधांपैकी सुमारे निम्मे दहा दिवसांतच फुटले होते. म्हणून घाई करावी लागते.

गढवालात सप्टेंबर १८९३ मध्ये गोहना येथे बिरही गंगा अडली. ती दरड भूकंपाची नव्हती, पण धडा तोच. पाणी पुढच्या ऑगस्टमध्ये माथ्याला लागेल, असा हिशेब पुलफर्ड या अभियंत्याने मांडला. खोऱ्यातून तारायंत्राची लाइन टाकली, पूररेषेच्या खुणा उभारल्या, वस्त्या हलवल्या. ऑगस्ट १८९४ च्या अखेरीस बांध फुटला. गढवालचे श्रीनगर वाहून गेले; माणसे मात्र वाचली. बळी गेले ते बांधाजवळ परत जाऊन राहिलेल्या एका फकिराच्या कुटुंबाचे.

आज उपाय वाढले आहेत. चीनमध्ये १२ मे २००८ च्या भूकंपानंतर तांगजियाशान येथे नदी अडली, तेव्हा हेलिकॉप्टरने यंत्रे नेऊन बांधावर चर खणला, म्हणजे पाणी कमी पातळीवरच बाहेर पडावे. खालच्या दोन लाखांहून अधिक लोकांना हलवले. १० जूनला तलाव वेगाने रिकामा झाला, पण प्राणहानी टळली.

आपल्या उपनगरात असा तलाव साचण्याची भीती नाही. तरीही गोहनाची गोष्ट आपल्या कामाची आहे. तेथे हिशेब झाला, निरोप पोचला आणि लोकांना हलायला जागा मिळाली. आपल्याकडे दर पावसाळ्यापूर्वी टेकडीवरच्या घरांना जागा सोडण्याच्या नोटिसा लागतात. नोटीस वाचणारा विचारतो, "सोडून जाऊ कुठे?" या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून निरोपाचे काम पुरे झाले असे कसे म्हणावे?