विकलेल्या मालाचे पैसे आणि शेतकऱ्याची प्रतीक्षा

दसरा उलटला की बालाघाटच्या पठारावर सोयाबीनच्या मळण्यांना वेग येतो. अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे या भागातील मोठे गाव. परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. येथील माल कधी अंबाजोगाईच्या बाजारात जातो, कधी लातूरच्या, तर कधी गावातच व्यापाऱ्याच्या काट्यावर उतरतो. याच सुमारास दिवाळी येते, ज्वारी व हरभऱ्याच्या पेरणीसाठी बी-खत घ्यावे लागते आणि खरिपात उधारीवर आणलेल्या खताचा तगादाही सुरू होतो. माल घरात असतो, परंतु गरज पैशाची असते.

पूर्वी मालाची पट्टी झाली की नोटा मोजून हातावर पडत. आता व्यवहार बहुतांशी बँकेमार्फत होतात. पैसा वाटेत हरवत नाही, त्याची नोंद राहते आणि मध्यस्थाच्या हाताला तो लागत नाही, ही मोठी सोय होय. तथापि या सोयीबरोबर एक नवी अडचणही आली आहे. माल दिला, वजन झाले, संगणकावर रक्कमही दिसली, परंतु खात्यावर जमा नाही, अशी तक्रार प्रत्येक हंगामात ऐकू येते. विक्रेता बँकेत विचारतो, तेव्हा खरेदीदाराकडे बोट दाखविले जाते. खरेदीदार म्हणतो, पैसे केव्हाच पाठविले. अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे, याचा विचार पेरणीपूर्वी बियाण्याचा करतात तितक्याच काळजीने करणे अगत्याचे आहे.

पैसे अडतात कोठे?

विक्रीचे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येक मार्गावर पैसा अडण्याची जागा निराळी आहे.

पहिला मार्ग शासकीय हमीभाव खरेदीचा. यात शेतकरी आधी नोंदणी करतो, निरोप आल्यावर माल केंद्रावर नेतो, तेथे ओलावा व प्रत तपासून वजन होते. परंतु पैशाचा आदेश तेवढ्यावर निघत नाही. तो माल पोत्यांत भरून वखारीत पोहोचावा लागतो, वखारीची पावती व्हावी लागते आणि त्यानंतर रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यावर येते. म्हणजे बारदान संपले किंवा वखार भरली, की केवळ माल नव्हे, पैसाही तुंबतो. २०१७ साली तुरीचे पीक अमाप आले, तेव्हा महाराष्ट्रातील केंद्रांवर हेच घडले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता. पण बारदानाचा तुटवडा पडला आणि गाड्यांच्या रांगा दिवसेंदिवस हलल्या नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली. त्या वेळी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली आणि खरेदीची मुदत वाढत वाढत ६ फेब्रुवारी २०२५ पर्यंत गेली.

दुसरा मार्ग राष्ट्रीय कृषी बाजाराचा, ज्यास लोक ई-नाम म्हणून ओळखतात. १४ एप्रिल २०१६ रोजी ८ राज्यांतील २१ बाजारांपासून त्याचा आरंभ झाला आणि आता त्यात १,००० हून अधिक बाजार आहेत. येथे मालाची बोली संगणकावर लागते, त्यामुळे बोली लावणारे अनेक असतात. परंतु बोली जिंकणे आणि पैसे भरणे ही दोन निराळी कामे आहेत, हे ध्यानात ठेवावे. वजन होऊन विक्रीचे बिल तयार होते, खरेदीदार त्या बिलावर पैसे भरतो आणि मग ते शेतकऱ्याच्या खात्याकडे येतात. खरेदीदाराने भरणा लांबविला, तर यंत्राला दोष देऊन उपयोग नाही.

तिसरा मार्ग बाजाराच्या आवाराबाहेरील विक्रीचा. गावातील काटा, कारखान्याचा खरेदीदार, अथवा मोबाईलवरून भाव सांगून दारात गाडी पाठविणारा नवा खरेदीदार, हे सर्व यात आले. येथे भाव कधी चांगला मिळतो व वाहतूकही वाचते. परंतु पैसा बुडाल्यास दाद मागण्याची जागा ठरलेली नसते. म्हणून सर्वांत अधिक सावधगिरी येथेच हवी.

खात्यातील उणिवा

पुष्कळदा खरेदीदार पैसे पाठवितो आणि ते शेतकऱ्याच्या खात्यातील उणिवेमुळे परत जातात. मराठवाड्यात याचे एक खास कारण आहे. येथील अनेक कुटुंबांची जुनी खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँकही २००९ साली महाराष्ट्र ग्रामीण बँकेत समाविष्ट झाली. बँक बदलली की शाखेचा आयएफएससी संकेतांक बदलण्याचा संभव असतो. घरात जपून ठेवलेल्या जुन्या पासबुकावरून संकेतांक लिहून दिला, तर रक्कम वाटेतूनच परत फिरते.

दुसरी उणीव खात्याच्या प्रकाराची. पूर्ण ओळखपत्रे न देता उघडलेल्या छोट्या खात्यात एका वेळी ५० हजार रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात १ लाख रुपयांहून अधिक जमा होऊ शकत नाही आणि महिन्यास १० हजार रुपयांहून अधिक काढता येत नाहीत. वीस क्विंटल सोयाबीनची रक्कम अशा खात्यात मावत नाही. बँकेत ओळखीची कागदपत्रे देऊन खाते पूर्ण करून घेतल्यास ही मर्यादा जाते. तिसरी उणीव अशी की दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते. चौथी, आधार भलत्याच खात्याशी जोडलेले असते आणि शेतकरी एका बँकेत चौकशी करीत असताना रक्कम दुसऱ्याच बँकेत जमा होऊन पडलेली असते. या चारही गोष्टी माल विकण्यापूर्वी एका फेरीत तपासता येतात.

वटावाचा हिशेब

पैसे लांबणीवर पडतात तेव्हा त्याची किंमत कोण देतो, हे आकड्यांनी पाहावे. समजा, घाटनांदूरच्या शिवारातील एका शेतकऱ्याकडे २० क्विंटल सोयाबीन आहे आणि व्यापारी ४,१०० रुपये भाव देतो. रक्कम होते ८२,००० रुपये. व्यापारी म्हणतो, "पैसे पंधरा दिवसांनी देतो, आजच हवे असतील तर दोन टक्के वटाव कापीन." दोन टक्के ऐकावयास थोडे वाटतात. परंतु १,६४० रुपये ही केवळ पंधरा दिवसांची किंमत आहे. वर्षात असे चोवीस पंधरवडे येतात. म्हणजे हे व्याज वर्षाला शेकडा ४८ पडले! स्वतःच्याच घामाचा पैसा वेळेवर मिळावा म्हणून शेतकरी हे व्याज भरतो. नियमन केलेल्या बाजारात अशी कपात करता येत नाही.

आता हाच माल २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने गेला असता तर ९७,८४० रुपये झाले असते, म्हणजे १५,८४० रुपये अधिक. पैसे येण्यास दोन महिने लागले आणि तोवर त्याने ५० हजार रुपये दरमहा शेकडा ३ दराने घेतले, तरी व्याज ३,००० रुपये होते. वाट पाहणे फायद्याचेच ठरते. परंतु ज्याला दोन महिने थांबण्याची सोय आहे, त्यालाच हा फायदा घेता येतो. ज्याच्या घरी सोय नाही, तो वटाव देऊन मोकळा होतो. गरिबास विलंब अधिक महाग पडतो, तो असा.

यावर एक उपाय हाताशी आहे. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. ज्या बाजार समित्या ती राबवितात, त्यांच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांच्या मुदतीने ६ टक्के व्याजावर मिळते. वरील ८२,००० रुपयांच्या मालावर ६१,५०० रुपये उचलल्यास तीन महिन्यांचे व्याज सुमारे ९२२ रुपये होते. पंधरा दिवसांच्या वटावाहूनही हे कमी आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते. विक्रीचे पैसे लांबले आणि मुदत टळली, तर ती सवलतही हातची जाते. म्हणून कर्जाची मुदत कोणत्या तारखेस संपते, ते पाहूनच विक्रीचा मार्ग निवडावा.

कायद्याचा आधार

विक्रेत्यास वेळेवर पैसे मिळावेत, हा विचार नवा नाही. कापडाखाली बोटे दाबून गुप्त भाव ठरविण्याची व मनमानी कपातीची पद्धत मोडण्यासाठीच बाजारांचे नियमन सुरू झाले. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली असा पहिला बाजार उभा राहिला, आणि निजामाच्या राज्यात, ज्यात बीड जिल्हाही होता, १९३० साली बाजारांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रात १९६३ चा कृषी उत्पन्न पणन अधिनियम लागू आहे. विक्रीनंतर २४ तासांच्या आत विक्रेत्यास पैसे मिळावेत, असा बाजार समित्यांचा दंडक आहे. उसाच्या बाबतीत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांची मुदत घातली असून, त्यापुढील विलंबास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. युरोपीय संघाने २०१९ साली नाशवंत मालाची रक्कम ३० दिवसांत देण्याचे बंधन घातले. सारांश, विलंबाचा रोग सर्वत्र आहे आणि त्यावर मुदतीचे औषधही सर्वत्र आहे.

२०२० साली धुळे जिल्ह्यातील एका मका उत्पादकाने ३ लाख ३२ हजार रुपयांस माल विकला होता. त्यास २५ हजार रुपये आगाऊ मिळाले आणि उरलेल्या रकमेसाठी चार महिने वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या केंद्रीय कायद्यात तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे देण्याची तरतूद होती. तिच्या आधारे तक्रार करताच त्याचे पैसे वसूल झाले. तो कायदा २०२१ साली रद्द झाला, म्हणून त्याचा आधार आज घेता येत नाही. परंतु घेण्यासारखा धडा उरतोच. मालाचा लेखी हिशेब आणि वेळेवर केलेली तक्रार असेल, तर अडलेला पैसा सुटतो.

शेतकऱ्याने घ्यावयाची काळजी

(१) खरेदीदाराचा परवाना पाहावा. परवानाधारक व्यापारी बाजार समितीच्या नियंत्रणाखाली असतो. आवाराबाहेरील अनोळखी माणूस नसतो.

(२) पक्की हिशेबपट्टी घेतल्याशिवाय काट्यावरून हलू नये. तीवर तारीख, वजन, भाव, कपात आणि निव्वळ रक्कम असावी.

(३) "पैसे पाठविले" एवढ्यावर समाधान मानू नये. बँकेमार्फत पाठविलेल्या प्रत्येक रकमेस यूटीआर क्रमांक असतो, तो मागून घ्यावा. एनईएफटी व आरटीजीएस या सेवा आता सुटीच्या दिवशीही चालतात. त्यामुळे "उद्या बँक बंद आहे" ही सबब चालत नाही.

(४) मोबाईलवर आलेला जमेचा निरोप खरा मानण्यापूर्वी खात्यातील शिल्लक पाहावी. पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही. तो मागणारा फसवीत आहे असे समजावे आणि फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

(५) धनादेश घेतल्यास त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा. तो न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात न्यायालयात फिर्याद करता येते. मुदत चुकली की हक्क दुबळा होतो.

(६) पैसे थकल्यास पट्टीची प्रत जोडून प्रथम बाजार समितीच्या सचिवांकडे आणि तेथे दाद न लागल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांजकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. अडचण बँकेत असल्यास बँकेकडे तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी सप्टेंबरातच, मळणीपूर्वी, गावात एक बैठक घ्यावी. प्रत्येकाने पासबुक व आधारपत्र आणावे. संकेतांक, खात्याचा प्रकार व आधारजोडणी बँकमित्राच्या मदतीने तेथेच तपासावी. ई-पीक पाहणीची नोंद सातबाऱ्यावर आली आहे किंवा नाही, हेही पाहावे. कारण ती नसल्यास हमीभावाच्या नोंदणीत अडथळा येतो. ज्या घरांत रोख पैशाची निकड आहे, त्यांना तारण कर्जाची माहिती आधी द्यावी. कारण वटावाच्या वाटेने प्रथम तीच घरे जातात.

पिकास पाणी केव्हा द्यावे हे शेतकरी जाणतो. पाळी चुकली तर पीक वाळते. पैशाचेही तसेच आहे. हरभऱ्याच्या पेरणीला हवा असलेला पैसा पेरणी उरकल्यावर आला, तर रक्कम पुरी असूनही तिचा निम्मा उपयोग गेलेला असतो. म्हणून भाव किती मिळाला याबरोबरच पैसा केव्हा हाती येईल, हा प्रश्न विक्रेत्याने काट्यावर माल चढविण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.