तो तांदूळ कोणाचा होता?

'कार्टून आहे खाला, मुलांना लावून द्या,' असे म्हणून भाच्याने डिस्क हातात ठेवली. वर भाऊ, लहान बहीण आणि काजवे. मुले झोपल्यावर मी ती आधी एकटीने पाहिली, ते बरेच झाले.

चित्रपटाचे नाव 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज', म्हणजे काजव्यांची कबर. जपानच्या स्टुडिओ घिबलीने तो 1988 साली काढला, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. 2012 मध्ये अमेरिकेत त्याची ब्ल्यू-रे निघाली आणि सप्टेंबर 2024 पासून जपानबाहेर तो नेटफ्लिक्सवरही आहे. त्यामुळे 'कार्टून' समजून तो कोणाच्याही घरात लागू शकतो. जपानमध्ये तर तो पहिल्यांदा 'माय नेबर टोटोरो' या गोड बालचित्रपटाच्या जोडीने दाखवला गेला. ती जोडी लावणाऱ्याच्या घरी लहान मुले होती की नाही, असा प्रश्न मला पडतो.

सुरुवातीलाच शेवट सांगून टाकला आहे. सप्टेंबर 1945, युद्ध संपलेले, आणि एका रेल्वे स्टेशनात खांबाला टेकून सेइता नावाचा मुलगा भुकेने मरतो. त्याच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडतो. मग गोष्ट मागे जाते. 5 जून 1945 ला कोबे शहरावर अमेरिकेची बी-29 विमाने आगीचे बॉम्ब टाकतात. चौदा वर्षांचा सेइता चार वर्षांच्या सेत्सुकोला पाठीवर घेऊन पळतो. वडील नौदलात, दूर समुद्रावर. शाळेचा दवाखाना केलेला असतो, तिथे आई भाजून मरते. बहिणीला हे सांगायचे कसे? ती मैदानात रडत बसते आणि हा तिच्यासमोर लोखंडी दांड्यावर गोल गोल फिरत राहतो. वर्गातली मुले अशीच वागतात हो. बाप गेल्यावर चौथ्या दिवशी शाळेत येऊन सगळ्यांत जास्त मस्ती करणारा मुलगा मी पाहिला आहे.

पण मला हा चित्रपट बॉम्बपेक्षा स्वयंपाकघराचा वाटला. दोघे लांबच्या नात्यातल्या काकूकडे राहायला जातात. सेइता घरच्या अंगणात पुरून ठेवलेले खाण्याचे सामान घेऊन येतो, तेव्हा काकू खूश. पुढे ती म्हणते, तुमच्या आईला आता कपड्यांचा काय उपयोग, ते देऊन तांदूळ आणू. आईचे किमोनो जाताना सेत्सुको रडते. तांदूळ येतो. पहिले काही दिवस पांढरा भात, मग हळूहळू फरक. काकूची मुलगी आणि घरातला पाहुणा कामावर जातात, त्यांच्या डब्यात भाताचे गोळे. या दोघांच्या वाट्याला पातळ पेज. तो तर आमचाच तांदूळ, असे सेत्सुको म्हणते तेव्हा काकूचे उत्तर तयार असते: काम करणाऱ्यांना आधी.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी अम्मी आणि दहावीतल्या मुलासोबत पुन्हा पाहिला. आवाज जपानी, खाली इंग्रजी ओळी. अम्मीसाठी मी त्या मराठीत सांगत होते. या प्रसंगाला अम्मीने थांबवायला लावले. म्हणाली, 'ती आईची अमानत होती. यतीमांचे खाल्ले तिने.' मुलगा म्हणाला, 'पण दादी, हा नुसता लोळतो. कामाला जात नाही, शाळेत जात नाही. माफी मागितली असती तर?' पडदा थांबलेला आणि आमचे पंधरा मिनिटे भांडण. थिएटरात हे कसे जमले असते?

मुलाचे म्हणणे दिग्दर्शकाच्या जवळचे आहे. हा युद्धविरोधी चित्रपट नाही, असे ताकाहाता सांगत असत. लोकांपासून तुटून फक्त बहिणीसोबत जगू पाहणारा अभिमानी मुलगा त्यांना दाखवायचा होता. सेइता तिला घेऊन तळ्याकाठच्या जुन्या खंदकात राहायला जातो. आईचे पैसे बँकेत असतात, पण पैशाने अन्न मिळेल असे ते दिवस नाहीत. तो चोऱ्या करतो, मार खातो. डॉक्टर सांगतो, हिला पोषण हवे. ते कुठून आणायचे, हे सांगत नाही. मला मात्र पोराला दोष देववत नाही. चौदा वर्षांचे वय कितीसे? घर सोडताना काकू एकदा तरी 'थांबा' म्हणाली असती तर, हे माझ्या मनातून जात नाही.

मूळ कथा अकियुकी नोसाका यांनी 1967 साली लिहिली. त्यांची स्वतःची धाकटी बहीण युद्धाच्या शेवटी उपासमारीने गेली. सेइता होता तितका आपण तिच्याशी चांगला वागलो नाही, असे ते सांगत. कथा म्हणजे तिची माफी होती. ताकाहातांनीही नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरचा हल्ला भोगला होता. बॉम्ब पडतानाचा काही क्षणांचा तो विचित्र सन्नाटा ऐकीव माहितीतून येत नाही.

सेत्सुकोचा आवाज खरोखरच लहान मुलीचा आहे. तिच्यासाठी आधी आवाज भरून मग चित्रे काढली, म्हणून तिचे रुसणे, बडबडणे इतके घरचे वाटते. चित्रांच्या कडा काळ्याऐवजी तपकिरी ठेवल्या आहेत, त्यामुळे सगळे जुन्या फोटोसारखे मऊ दिसते. शेवटची पंधरा-वीस मिनिटे मात्र या मऊपणाचा काही उपयोग होत नाही.

लांबी दीड तासाला थोडी कमी. आठवी-नववीच्या खालच्या मुलांना दाखवू नका, आणि मोठ्यांनाही एकटे सोडू नका, शेजारी बसा.

संपल्यावर अम्मी बराच वेळ तस्बीह फिरवत बसली. मग तिने विचारले, 'त्या बाईला कळले का, मुले गेली म्हणून?' चित्रपटात ते कुठेच नाही.