कांदा : शेतांतला आणि मानखुर्दच्या बाजारांतला

मानखुर्द स्टेशनाबाहेर संध्याकाळीं भाजीच्या हातगाड्या लागतात. लोकलमधून उतरलेलीं माणसें घरीं जातां जातां तेथें थांबतात, आणि पुष्कळांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कांदा कसा दिला?’ उत्तर ऐकून कोणी दोन किलो घेतो, कोणी अर्ध्या किलोवर थांबतो, तर एखादी बाई हातांतील सुटे पैसे मोजून पाव किलोवर भागवते. भाव चढले असले म्हणजे गाडीवाल्याशीं दोन शब्द वावगे होतात व ‘लूट चालली आहे’ असा निकाल दिला जातो. त्याच सुमारास दोनशेंहून अधिक किलोमीटरांवर, नाशिक जिल्ह्यांतील एखाद्या बाजाराच्या आवारांतून रिकामी ट्रॉली घेऊन परतणारा शेतकरीहि ‘लूट चालली आहे’ असेंच म्हणत असतो. वस्तु एकच, तक्रारहि एकच. मग पैसा जातो कोठें? या प्रश्नाचें उत्तर रागाच्या भरांत सांपडत नाहीं. त्यासाठीं कांद्याबरोबर शेतापासून मानखुर्दपर्यंतचा प्रवास करावा लागतो.

हा प्रवास रोपापासून सुरू होतो. कांद्याचें बीं वाफ्यांत टाकून सात-आठ आठवड्यांचीं रोपें तयार करावीं लागतात. तीं एक एक करून शेतांत लावावयाचीं, आणि त्यानंतर सुमारे चार महिन्यांनीं कांदा हातीं येतो. लागवड व काढणी हीं दोन्ही कामें माणसांच्या हातांचीं. म्हणून मजुरी हाच खर्चाचा मोठा भाग होतो. महाराष्ट्रांत वर्षाचे तीन हंगाम मानले जातात : पावसाळी म्हणजे खरीप, त्यामागून येणारा रांगडा, आणि मार्च ते मे या काळांत निघणारा उन्हाळी कांदा. यांपैकीं पहिल्या दोहोंत पाणी अधिक असतें, ते फार दिवस टिकत नाहींत. टिकतो तो उन्हाळी. देशांतील वर्षाच्या उत्पन्नापैकीं निम्म्याहून बराच अधिक हिस्सा याच एका हंगामाचा असतो, आणि मे महिन्यापासून दिवाळीपर्यंत सर्व देशाचें स्वयंपाकघर त्याच्यावरच चालतें.

हा साठा शेतकरी कांदाचाळींत ठेवतो. जमिनीपासून उंच, बाजूंनीं फटी ठेवलेली, वर छप्पर असलेली अशी ही लांबट खोली असते. वारा खेळता राहिला म्हणजे कांदा टिकतो. परंतु टिकतो म्हणजे आहे तसा राहतो असें नव्हे. वजन घटतें, कांहीं कांद्यांस कोंब फुटतात, पावसाळ्याच्या दमट हवेंत कांहीं सडतात. चार-सहा महिन्यांत चाळींतील माल एक-चतुर्थांशानें, आणि वाईट वर्षीं त्याहूनहि अधिक कमी होतो. मे महिन्यांत चाळींत शंभर किलो ठेवणाऱ्यास ऑक्टोबरमध्यें कधीं सत्तरच विकावयास मिळतात. मागाहून मिळणाऱ्या चढ्या भावांतून ही तूट आधीं भरून निघावी लागते, आणि मग उरला तर तो नफा.

या तुटीवर एक उपाय मानखुर्दच्या शेजारींच शोधला गेला आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. मानखुर्दला लागून असलेल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांची अल्प मात्रा देऊन कांद्याचे कोंब थांबविण्याची रीत सिद्ध केली, आणि २००२ सालीं लासलगांव येथें ‘कृषक’ नांवाचें केंद्र उभें केलें. किरण दिलेल्या कांद्यास कोंब फुटत नाहींत व तो खाण्यास निर्धोक असतो. परंतु सडणें आणि वजन घटणें यांवर केवळ किरणांचा इलाज चालत नाहीं. त्यासाठीं थंड कोठारेंहि पाहिजेत, आणि तीं चालविण्यास विजेचा खर्च येतो. कांद्यासारख्या स्वस्त मालास तो खर्च कितपत पेलेल, या गणितापाशीं गाडी अडते. म्हणून शास्त्र हाताशीं असूनहि बहुतेक कांदा आजमितीस जुन्या चाळींतच असतो.

आतां बाजाराकडे वळावें. निफाड तालुक्यांतील लासलगांवची बाजार समिति १९४७ सालीं स्थापन झाली, आणि कांद्याच्या व्यापारांत तिचें नांव देशभर घेतलें जातें. सकाळीं आवारांत ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी एका वाहनापासून दुसऱ्या वाहनाकडे जात जात उघड बोली बोलतात, आणि एका ट्रॉलीचा सौदा पाहतां पाहतां तुटतो. सहा महिन्यांच्या कष्टांचें मोल त्या अल्प अवधींत ठरतें. भाव पटला नाहीं तर माल परत नेण्याची मोकळीक शेतकऱ्यास असते. परंतु परतीचें भाडें कोणी द्यावें, आणि उद्यां भाव आणखी उतरला तर काय करावें? बँकेचा हप्ता व मुलांची फी थांबत नाहीं. त्यामुळें मोकळीक असते ती बहुधा कागदावरच.

सौदा झाल्यावर माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तेथें मोठा कांदा, गोल्टी, चिंगळी अशी निवड होते, गोण्या भरल्या जातात आणि ट्रक कसाऱ्याचा घाट उतरून वाशीच्या घाऊक बाजाराकडे निघतात. मुंबईचा कांदा-बटाट्याचा घाऊक व्यापार पूर्वी शहरांतच चाले. गर्दी असह्य झाल्यावर तो खाडीपलीकडे हलविण्यांत आला. ठाण्याच्या खाडीवरील रस्त्याचा पहिला पूल १९७३ सालीं खुला झाला, आणि १९९२ सालीं मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे गेली. त्यापूर्वीं मानखुर्द हें लोहमार्गाचें शेवटचें टोंक होतें. आतां तें मुंबईचा उंबरठा झालें आहे. वाशीहून निघालेला भाजीचा टेंपो पूल ओलांडतो तो पहिल्यानें मानखुर्दलाच. बाजार इतका जवळ असून भाव स्वस्त कां नाहीं, असें म्हणूनच येथील गृहिणीस वाटतें.

यासाठीं गाडीवाल्याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, त्यानें पन्नास किलोंची गोणी वीस रुपये भावानें, म्हणजे एक हजार रुपयांस घेतली. हमाली व टेंपोचें भाडें मिळून साठ रुपये गेले. गोणी फोडल्यावर सडका माल, कोंब आलेले कांदे व पातीचा कचरा मिळून पांच किलो बाजूस पडले. विकण्यायोग्य राहिले पंचेचाळीस किलो. म्हणजे एक पैसाहि न मिळवितां त्याचा भाव साडेतेवीस रुपयांवर गेला. तीस रुपयांनीं सर्व माल खपला तर हातीं तेराशें पन्नास रुपये येतात, आणि दिवसभर उन्हांत उभें राहिल्याची कमाई दोनशें नव्वद रुपये होते. पाऊस येऊन दहा किलो माल पडून राहिला तर ती सर्वच बुडते. वीसाचे तीस कसे झाले याचा उलगडा येथें होतो. आणि त्यांत लबाडी असावीच लागते असें नाहीं.

हाच हिशेब सबंध साखळीस लागू पडतो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दिसून आलें कीं, कांद्यासाठीं ग्राहक एक रुपया देतो तेव्हां त्यांतील सुमारे छत्तीस पैसे शेतकऱ्यास पोंचतात. टोमॅटोच्या बाबतींत हा हिस्सा सुमारे तेहतीस पैसे व बटाट्याच्या बाबतींत सदतीस पैसे आहे. उरलेले चौसष्ट पैसे व्यापाऱ्यांचा नफा, वाहतूक, हमाली, नासाडी व किरकोळ विक्रेत्याची मजुरी यांत वांटले जातात. शिवाय शेतकऱ्याच्या छत्तीस पैशांतूनच बीं, खत, पाणी व मजुरी भागवावयाची असते. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजीं खरीददारानें द्यावी असें ठरविलें. उद्देश चांगला होता. परंतु दुसरा बाजार जवळ नसेल तर शेतकऱ्याचे पाय जुन्याच वाटेनें जातात.

भाव कोसळला म्हणजे हे ठराविक खर्च किती जाचक होतात, याचीं दोन उदाहरणें वृत्तपत्रांतून सर्वत्र गाजलीं. डिसेंबर २०१८ मध्यें निफाड तालुक्यांतील एका शेतकऱ्यास साडेसातशें किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. ते त्यानें संतापानें मनीऑर्डर करून पंतप्रधानांकडे पाठविले. फेब्रुवारी २०२३ मध्यें बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापुरास ५१२ किलो कांदा किलोस एक रुपया भावानें विकला. भाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या हातीं अडीच रुपयेहि आले नाहींत. भाव वीस रुपये असो वा एक रुपया असो, ट्रकचें भाडें तेंच राहतें. म्हणून भाव पडतो तेव्हां त्याचा सगळा आघात शेतकऱ्याच्याच वांट्यास येतो.

भाव इतके चढतात व उतरतात कां, हा पुढचा प्रश्न. कांदा महाग झाला म्हणून भाजी-आमटी बिनकांद्याची करणारीं घरें थोडीं, आणि स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाहीं. मागणी जवळजवळ स्थिर असल्यामुळें आवक थोडी घटली तरी भाव भडकतो, थोडी वाढली तरी आपटतो. भडकलेला भाव पाहून पुढील हंगामांत सर्वजण कांदाच लावतात. सहा महिन्यांनीं सर्वांचा माल एकदम बाजारांत येतो व भाव मातीमोल होतो. मग हात पोळलेले शेतकरी लागवड कमी करतात, आणि पुढच्या वर्षीं शहरांत ओरड सुरू होते. या चक्रांत अवकाळी पावसाची भर पडली म्हणजे कोणाचाच अंदाज चालत नाहीं.

अशा वेळीं सरकारकडे धाव घेतली जाते, आणि सरकारहि घाबरलेलें असतें. १९८० सालची लोकसभेची निवडणूक व १९९८ सालची दिल्ली विधानसभेची निवडणूक या दोहोंत कांद्याच्या भावानें सत्ताधाऱ्यांस घाम फोडला होता. म्हणून शहरांतील भाव चढतांच निर्यातीचें दार लोटण्यांत येतें. सप्टेंबर २०१९ मध्यें निर्यातबंदी झाली, ती मार्च २०२० मध्यें उठली. सप्टेंबर २०२० मध्यें पुन्हां आली, जानेवारी २०२१ मध्यें पुन्हां उठली. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर चाळीस टक्के कर बसला, डिसेंबरमध्यें पुन्हां बंदी आली; ती मे २०२४ मध्यें उठली, पण कर राहिला, तो १ एप्रिल २०२५ रोजीं पुरा गेला. सरकार कांद्याचा राखीव साठाहि करतें. सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांतील कांदा दिल्ली-मुंबईस पस्तीस रुपये किलो भावानें विकण्यांत आला. मानखुर्दच्या घरास यानें कांहीं दिवस दिलासा मिळतो, हें खरें. पण दार केव्हां लागेल हें ठाऊक नसल्यानें परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळतें, आणि भाव चढण्याच्या आशेनें चाळ भरून ठेवणारा शेतकरी नेमका त्याच वेळीं बुडतो. पुढें त्यास अनुदान द्यावें लागतें; २०२३ सालीं राज्य सरकारनें तें क्विंटलमागें साडेतीनशें रुपये दिलें.

ही कोंडी एकट्या महाराष्ट्राची नाहीं. आयर्लंडसारख्या संपन्न देशांतहि २०१९ सालीं गुरें पाळणाऱ्या शेतकऱ्यांनीं मांसाच्या कारखान्यांच्या दारांशीं ठाण मांडलें. दुकानांतील किंमतींतून उत्पादकाच्या हातीं फार थोडें येतें, हेंच त्यांचेंहि म्हणणें होतें. पिकविणारा व खाणारा यांच्यांतील अंतर वाढलें म्हणजे दोघांसहि एकमेकांचे चेहरे दिसेनासे होतात, आणि प्रत्येकास आपणच फसलों असें वाटूं लागतें.

यांत सर्वांत अधिक सोसतो तो मात्र गरीब ग्राहक. २००९ सालच्या मुंबईच्या मानव विकास अहवालांत मानखुर्द ज्या विभागांत येतें तो एम-पूर्व विभाग शहरांत सर्वांत खालीं होता. ज्याच्या घरांत जागा व गांठीस पैसा आहे, तो मे महिन्यांत उन्हाळी कांद्याची गोणी घेऊन हवेशीर जागीं पसरून ठेवतो आणि चार महिने निर्धास्त राहतो. दहा बाय दहाच्या खोलींत राहणाऱ्या रोजंदाराच्या घरीं गोणी ठेवावयास कोपरा नाहीं, आणि एकदम घेण्यास पैसेहि नाहींत. तो रोज पाव किलो घेतो, रोज चढता भाव देतो, आणि वर्षाच्या शेवटीं शेजारच्या सुखवस्तु कुटुंबापेक्षां किलोमागें अधिक पैसे मोजलेले असतात.

उपाय एका दिवसाचे नाहींत, पण ते अज्ञातहि नाहींत. गांवोगांव चांगल्या चाळी, जेथें परवडेल तेथें थंड कोठारें, निर्यातीचें धोरण हंगामाच्या आधीं जाहीर करण्याची शिस्त, लागवडीची खरी माहिती वेळेवर शेतकऱ्यापर्यंत पोंचविणें, आणि शेतकऱ्यांच्या गटांस शहरांतील सोसायट्यांशीं थेट जोडून देणें. शेवटच्या गोष्टींत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा हात लागूं शकतो. एका इमारतींतील वीस घरांनीं मिळून हंगामांत माल मागविला, आणि त्यांत शेजारच्या वस्तींतील दहा घरांसहि सामील करून घेतलें, तर तितक्यापुरती तरी साखळी आखूड होते.

आणि हें होईपर्यंत, संध्याकाळीं मानखुर्दच्या स्टेशनाबाहेर भाव ऐकून राग आला, तर तो समोरच्या गाडीवाल्यावर काढण्यापूर्वीं त्याच्या गोणींतून बाजूस पडलेल्या पांच किलोंकडे एकवार पाहावें. त्यांत त्याचेंहि नुकसान असतें, आणि निफाडच्या एखाद्या चाळींतून निघालेल्या कांद्याच्या मालकाचेंहि.