हिऱ्यातून तार : माप बरोबर, तरी डाय उतरवा

या आठवड्यात कूलंटच्या गाळणीवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण वाळूजच्या एका वाइंडिंग वायरच्या कारखान्यातल्या ऑपरेटरचा प्रश्न डोक्यातून जाईना. ते विचारतात, "तार मायक्रोमीटरवर मापात येते, चकाकीही बरी असते, तरी आमचे साहेब डाय उतरवून पॉलिशला धाडतात. चालती डाय थांबवण्यात कसली आलीय बचत?"

मी साहेबांच्या बाजूने आहे. डाय म्हणजे तार ओढून बारीक करण्यासाठी भोक पाडलेला हिरा. तिचा उभा छेद डोळ्यांपुढे आणा: वर निमुळता शंकू, त्याखाली सरळ भोक, म्हणजे बेअरिंग. तारेचं माप ठरतं ते बेअरिंगमध्ये, पण झिजेची सुरुवात होते त्याच्या वर, शंकूत. आत शिरणारी तार भिंतीला जिथे पहिल्यांदा टेकते तिथे दाब जबर असतो, कूलंटचा थर अजून नीट धरलेला नसतो, आणि तार थरथरत येत असल्यामुळे टेकण्याची रेघ सारखी मागेपुढे होते. तेवढ्या पट्ट्यात हिऱ्यालाही गोल चर पडतो. या चरालाच रिंग म्हणतात. मायक्रोमीटरला ती कळणार कशी? तो बेअरिंगमधून बाहेर आलेली तार मोजतो, आणि बेअरिंग अजून धडधाकट असतं. तार मापाबाहेर जाईपर्यंत थांबलात, तर तोवर रिंग चांगलीच खोल गेलेली असते.

खोल गेली म्हणजे नेमकं काय बिघडलं, हे आकड्यांत बघू. डाय ०.५० मिलिमीटरची, शंकूचा पूर्ण कोन १६ अंश, बेअरिंग मापाच्या ४० टक्के, म्हणजे २०० मायक्रॉन लांब. रिंग ३ मायक्रॉनची असताना डाय उतरवली, तर शंकूची भिंत सगळीकडून ३ मायक्रॉन खरवडावी लागते. भिंत फार निमुळती असल्यामुळे शंकूची कड बेअरिंगमध्ये साधारण २२ मायक्रॉन पुढे सरकते. एवढं खपून जातं. माप तेच राहतं आणि डाय आपल्या जागी परत बसते. हीच रिंग १० मायक्रॉनची होऊ दिलीत, तर कड ७२ मायक्रॉन सरकते, म्हणजे एका फटक्यात बेअरिंगचा तिसरा हिस्सा गेला. मग भोक वाढवून डाय वरच्या मापाला नेणं आलं. अमेरिकन गेजमध्ये दर पायरीला व्यास सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. ०.५० ची डाय ०.५६ ला न्यायची तर भिंतीतून चांगला ३० मायक्रॉन हिरा उडवावा लागतो. ३ मायक्रॉनच्या कामाला ३० ची किंमत!

इथे जरा आडवाटेला जातो. येवल्याचे तारकस पैठणीच्या जरीसाठी तार ओढायचे ते पोलादी जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पट्टीतून. जंतराचं भोक झिजून मोठं झालं की त्याच्या कडेने हातोडीने ठोकायचं, धातू आत दाबला जायचा, मग टोचा घालून भोक पुन्हा मापात आणायचं. पोलाद असं मागे फिरतं. हिरा फिरत नाही. १८१९ साली विल्यम ब्रॉकडन या इंग्रज चित्रकाराने (हो, चित्रकारानेच) रत्नांना भोकं पाडून त्यांतून तार ओढण्याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून झीज कमी झाली, पण ठोकून लहान करण्याची सोय कायमची गेली. हिऱ्याच्या डायचा प्रवास बारीक मापाकडून जाड मापाकडे, एकाच दिशेने. तो लांबवणं एवढंच आपल्या हातात.

म्हणून दर रविवारी एकापाठोपाठ लावलेल्या डायचा अख्खा सेट पॉलिशला पाठवणंही मला पटत नाही. पॉलिश म्हणजे हिरा कमी करणंच की. रिंग नुसती उमटली आहे, खोल गेलेली नाही, ती वेळ पकडायची. ती प्रत्येक मशीनची वेगळी. तांब्याच्या ८ मिलिमीटरच्या रॉडवर ऑक्साइड राहिलं असेल तर लवकर येते, तार डायमध्ये तिरकी शिरत असेल तर आणखी लवकर, आणि तीही एकाच बाजूला. एकसंध नैसर्गिक हिरा सगळ्या दिशांना सारखा कठीण नसतो, त्यामुळे त्याचं भोक गोलाईही सोडतं. तिथे तार फिरवून दोनतीन दिशांनी मोजा. पीसीडीत, म्हणजे बारीक कण जोडून केलेल्या कृत्रिम हिऱ्यात, हिऱ्याचे कण वाटेल त्या दिशेला बसलेले असतात, म्हणून ती त्यामानाने समान झिजते. रिंग मात्र तिलाही चुकत नाही.

तेव्हा वाळूजकर, तुम्ही एवढं करा. एकाच मापाच्या तीनचार डाय घ्या, प्रत्येकीतून किती किलो तार गेली ते लिहून ठेवा आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर उतरवा. खालून उजेड देऊन तोंडाच्या बाजूने मायक्रोस्कोपखाली बघा. कुठल्या टप्प्यावर रिंग नुसती दिसते आणि कुठे तिला धार येते, ते समजेल. त्या दोहोंच्या मधला आकडा मशीनवर खडूने लिहून टाका. साहेबांचा आकडा यापेक्षा फार कमी निघाला, तर मात्र त्यांच्याशी खुशाल भांडा. वही सोबत न्या.

एक डाय मोठी झाली की पुढच्या डायवर जास्तीचा भार येतो आणि तिचीही रिंग लवकर पडते. सेटचं हे गणित लांबलचक आहे, गाळणीनंतर घेईन. गाळणी मात्र पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर कूलंटच्या टाकीच्या तळाशी तांब्याचा गाळ किती बसलाय, तेवढं बघून ठेवा.