करंगळीची बधिरता आणि सायकलची सीट

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आपल्याला सायकल शिकावी लागेल, असे कोणी म्हटले असते तर मी हसलो असतो. शाळेत असताना दुधाच्या किटल्या अडकवून जी चालवली, ती काही शिकण्याची विद्या नव्हे, अशी माझी समजूत होती. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या स्पर्धेत उतरण्याचा संकल्प केला आणि ती समजूत मोडीत निघाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे हे त्रिविध कर्म आहे. त्यात सर्वाधिक वेळ जातो तो सायकलवर.

रस्त्यावरील शर्यतीची सायकल ही निराळीच वस्तू आहे. टायर बोटभर रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले आणि स्वाराची पाठ कमानीसारखी वाकलेली. कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो, की वाघबीळपासून चढ सुरू होतो. तेथे जड गिअर लावून पायडल रेटणे म्हणजेच पराक्रम, असे मला वाटे. सोबतचा एक तरुण एकदा म्हणाला, ‘‘डॉक्टर, गिअर हलका करा, पाय फिरू द्या.’’ मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्या होतील इतका हलका गिअर ठेवला, की मांड्या लवकर थकत नाहीत आणि गुडघ्यांवरचा ताणही घटतो. अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश मी वीस वर्षे रुग्णांना करीत आलो. कपाळावर घाम, मुखाला शोष, श्वास तोंडाने, ही त्याची सीमा स्वतःच्या देहावर मात्र मला त्या चढावरच प्रथम कळली.

महिनाभरात उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होऊ लागली. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चाचपडत. वातप्रकोपाचे निदान मी तत्काळ केले. महानारायण तेलाचा अभ्यंग, स्वेदन आणि पोटात विषतिंदुक वटी सुरू केली. शुक्रवारपर्यंत उपशय मिळे. रविवारी पन्हाळ्याहून परतलो, की बधिरता पुन्हा हजर. हेतू डोळ्यांपुढे उभा असताना मी तीन आठवडे औषध घेत राहिलो, हे लिहिताना संकोच वाटतो.

याच सुमारास स्पर्धेची नियमावली वाचनात आली आणि मी दचकलो. कुपीलूतील स्ट्रिक्निन हे द्रव्य जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या यादीत स्पर्धाकाळासाठी निषिद्ध आहे आणि हा नियम हौशी स्पर्धकालाही लागू होतो. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला धावता धावता हेच द्रव्य पाजले होते. त्या काळी त्याला बंदी नव्हती. कुपीलूयुक्त विषतिंदुक आणि अग्नितुंडी, सोमलतेचे श्वासावरील कल्प, भांगेचे योग, यांपैकी काहीही खेळाडूला देण्यापूर्वी त्याची स्पर्धा कधी आहे, हे विचारणे आवश्यक आहे. औषधविक्रेत्या बंधूंना वेगळे सांगायला नको, की कुपीलू अनुसूची ई(१) मध्ये आहे आणि असे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. तरीही ‘अंगदुखीवर चांगली गोळी’ म्हणून ते सर्रास मागितले जातात. आपली औषधे निरुपद्रवी असतात, या लोकसमजावर आपणही काही अंशी विसंबून राहिलो आहोत.

माझी चिकित्सा अखेर सायकल दुरुस्तीच्या मिस्त्रीने केली. मी ब्रेक दाखवायला गेलो होतो. त्याने माझी बसण्याची ढब पाहिली आणि सीटवर गवंड्याची पाणसळ ठेवली. सीटचे नाक चांगलेच खाली झुकलेले होते. त्यामुळे शरीर पुढे घसरे आणि धडाचा भार तळहातांवर येई. ‘‘भार बुडावर घ्या की, डॉक्टर. हातावर कशाला घेताय?’’ असे म्हणत त्याने सीट समतल केली, थोडी पुढे सरकवली आणि हँडल बोटभर उंच केले. दहा दिवसांत बधिरता गेली, तीही औषध बंद असताना.

करंगळीकडे जाणारी अल्नर नाडी मनगटापाशी तळहाताच्या कडेने जाते. हँडलवर ती दीर्घकाळ दाबली गेली, की हा विकार होतो. आधुनिक वैद्यकात त्यास ‘हँडलबार पाल्सी’ म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा बधिर होत असतील, तर मीडियन नाडीचा विचार करावा. मानेपासून कळ येत असेल, तर मानेचा. बोटांत दुर्बलता किंवा तळहातात मांसक्षय दिसल्यास विलंब न करता नाडीवहनाची तपासणी करवून घ्यावी. सायकलस्वाराचा गुडघा पुढून दुखत असेल, तर सीट बहुधा फार खाली असते; मागून दुखत असेल, तर फार वर. पायडल तळाशी असताना त्यावर टाच टेकवून गुडघा जेमतेम सरळ व्हावा, हे सीटच्या उंचीचे ढोबळ माप आहे. जननेंद्रियाभोवतीची बधिरता पुरुष रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत. ती विचारावी लागते.

हे सर्व उमगल्यावर मला दोन वर्षांपूर्वीचा एक रुग्ण आठवला. बँकेत नोकरी, करंगळी बधिर, तीन महिने माझे औषध, मग येणे बंद. जुना केसपेपर काढून पाहिला. ‘व्यायाम’ हा रकाना कोरा होता. मी दूरध्वनी केला. तो आनंदाने म्हणाला, ‘‘तुमच्या औषधानं बोटं बरी झाली की, डॉक्टर! तीन-चार जणांना पाठवलं मी तुमच्याकडं.’’ मी विचारले, ‘‘तेव्हा सायकल चालवत होता का?’’ म्हणाला, ‘‘होय, रोज पहाटे. पण हात असे झाल्यावर विकून टाकली.’’

मी त्याला सीटची हकिकत सांगितली. तो क्षणभर काही बोलला नाही. सायकल त्याने त्याच्याच गल्लीतल्या एका मुलाला विकली होती. सीटचे नाक तेवढे पाहायला त्या मुलाला सांगा, असे म्हणून मी दूरध्वनी ठेवला.